रंगवलेली गाडी आणि चालणारी गाडी

चेन्नईला पोस्टिंग आल्यापासून गावाकडून आणि जुन्या युनिटमधून मला जे फोन येतात, त्यांत इथली हवा कशी आहे हे फारसे कोणी विचारत नाही. विचारतात ते असे : "तिकडे जुनी टू-स्ट्रोक मिळते म्हणे. रिस्टोअर करून देणारा कोणी ओळखीचा आहे का? रिटायरमेंटचे पैसे आलेत, एक आरएक्स घ्यायची आणि डोंगरात मातीवर पळवायची."

सगळ्यांना वेगवेगळे सांगून दमलो, म्हणून एकदाच लिहितो. रिस्टोअर केलेली गाडी विकत घेऊ नका. मातीवर चालवायची जुनी टू-स्ट्रोक हवी असेल तर ती स्वतः बांधा, पगारात किंवा पेन्शनीत बसेल अशा हिशोबात बांधा, आणि रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडा. 'रिस्टोरेशन' या नावाखाली आज जे विकले जाते, त्यातले बरेचसे काम गाडी दुरुस्तीचे नसून गाडी सजवण्याचे आहे. सजवलेल्या गाडीचे पैसे सर्वांत जास्त मोजतो तो आपला माणूस, कारण त्याच्या हातात एकरकमी पैसा नुकताच आलेला असतो आणि तरुणपणी न मिळालेली गाडी त्याच्या डोळ्यांपुढे असते.

माझ्याबरोबर सर्व्हिस केलेले एक सुभेदार साहेब निवृत्तीनंतर इथेच मुलाकडे स्थायिक झाले. त्यांनी एका दुकानातून अशीच गाडी घेतली. दुकानाचे नाव लिहीत नाही, कारण हा प्रश्न एका दुकानाचा नाही. टाकी आरशासारखी, स्टिकर नवे, सायलेन्सरवर क्रोम, सीटवर नवे कव्हर. किंमत दीड लाखाच्या वर. तीन आठवड्यांत इंजिनमधून खडखड यायला लागली. उघडले तेव्हा कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग खलास, क्रँकची दोन्ही ऑइल सील लाकडासारखी कडक झालेली, पिस्टनवर उभे ओरखडे. थोडक्यात, इंजिनला कोणी हातच लावला नव्हता. साहेबांनी पैसे मोजले होते ते रंगाला.

यात फसवणूक आहेच. पण तिच्यामागे आपले एक अज्ञानही आहे. टू-स्ट्रोक इंजिन बाहेरून पाहून कळत नाही. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँककेसात तेल असते आणि पेट्रोल वरच्या वर जळते. टू-स्ट्रोकमध्ये हवा, पेट्रोल आणि तेल यांचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येते, तिथे दाबले जाते आणि मग सिलिंडरमध्ये चढते. म्हणजे क्रँककेस हा इंजिनाचा पंप आहे आणि तो हवाबंद असायलाच हवा. मॅग्नेटोच्या बाजूचे सील गळले की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते, पिस्टन तापतो आणि जाम होतो. क्लचच्या बाजूचे सील गळले की गिअरबॉक्सचे तेल आत ओढले जाते. खाली जमिनीवर थेंब नाही, पण तेल कमी होत राहते आणि मागून पांढरा धूर निघतो. स्वस्तातली ही दोन सील गाडी जगवतात किंवा मारतात. फोटोत ती दिसत नाहीत, म्हणून सजवणाऱ्याच्या यादीतही ती नसतात.

चेन्नईत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. डिसेंबर २०१५ च्या पुरात अड्यार नदी शहरात शिरली, डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाने पुन्हा तेच केले. पाण्यात बुडून मग कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या गाड्या आजही विक्रीला येतात. शिवाय समुद्राची खारी हवा बारा महिने लोखंड खाते. म्हणून गाडी पाहायला जाताना टाकीकडे पाहू नका. मॅग्नेटोचे झाकण उघडायला लावा. आत गंजाची रेघ दिसली तर त्या पातळीपर्यंत पाणी चढले होते असे समजा आणि क्रँकची बेअरिंग गेली असे धरूनच भाव करा. झाकण उघडू देत नसेल तर नमस्कार करून परत या.

आता हिशोब. गाडीची किंमत सोडून मी बांधणीला ३५,००० रुपयांची मर्यादा घालतो. त्यातले १४,००० इंजिनला : बोअर, पिस्टन-रिंग, कनेक्टिंग रॉडचे किट, क्रँक प्रेस करून लेथवर सरळ करणे, सगळी बेअरिंग, सगळी सील, क्लच प्लेट, कार्बोरेटर. ९,००० चाकांना : मातीचे टायर, स्पोक, रिमचा आउट काढणे, ब्रेक शू, चेन-स्प्रॉकेट. ४,५०० पुढच्या फोर्कला आणि मागच्या शॉकअपला. २,५०० वायरिंग आणि इग्निशनला. २,००० फ्रेमच्या वेल्डिंगला आणि गंज थांबवणाऱ्या साध्या रंगाला. उरलेले ३,००० हातात ठेवायचे, कारण काहीतरी निघतेच. या यादीत क्रोम नाही, स्टिकर नाही. इंजिन आणि चाके यांतच ३५ पैकी २३ हजार जातात. कोणी तुम्हाला याच्या उलट यादी दाखवली, तर तो तुमची गाडी बांधत नाही.

कोणती गाडी घ्यावी? इथे नावाचा मोह सोडा. यामाहा आरएक्स १०० इथे १९८५ ते १९९६ बनली. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, हलकी, चपळ, उत्तम गाडी. पण आज तिच्या नावालाच निम्मे पैसे जातात. तिच्याच घराण्यातली १३५ अनेकदा कमी भावात मिळते. होसूरला बनलेली टीव्हीएस-सुझुकीची शोगन इंजिनाने सरस, पण तिचे काही भाग शोधताना चपला झिजतात. म्हैसूरच्या आयडियल जावाची येझदी दणकट, पण मातीत तिचे वजन हातावर येते. बुलेटमुळे जगाला ठाऊक झालेल्या इथल्याच तिरुवोत्तियूरच्या एनफिल्ड कंपनीने शेर्पा, क्रुसेडर, मिनी बुलेट, फ्युरी अशा टू-स्ट्रोकही बनवल्या होत्या. त्यांतली एखादी सापडली तर आनंद आहे, पण ती मातीत आपटायची गाडी नव्हे, सांभाळून ठेवायची आहे. माझा नियम साधा आहे : आधी पिस्टन शोधा, मग गाडी. पुदुपेट्टैच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात आणि जीपी रोडच्या दुकानांत एक दिवस फिरा. ज्या गाडीचे पिस्टन, रॉड किट आणि सील त्या एका दिवसात हाताला लागतील, ती गाडी घ्या.

कागदाशिवाय काहीही घेऊ नका, गाडी सोडाच, नुसते इंजिनही नाही. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी स्वतः जुळवा. नंबर घासून पुन्हा ठोकलेला असेल तर तो बोटाला कळतो. फौजी माणूस चोरीच्या गाडीसोबत सापडला तर त्याची बातमी होते, हे वेगळे सांगायला नको. आणि महाराष्ट्रातली गाडी इथे आणणार असाल तर एनओसी घ्या. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर ठेवायची तर तिथे नोंदणी करावी लागते.

यावर तीन आक्षेप हमखास येतात.

पहिला : "पण ती गुंतवणूक आहे. भाव वाढतोय." भाव वाढतोय, कारण तुमच्यासारखेच लोक तो देत आहेत. ज्या गाडीचे इंजिन उघडलेच नाही तिची किंमत पुढचा गिऱ्हाईक झाकण उघडेपर्यंतच असते. गुंतवणूक करायची तर पोस्टात करा. ते रात्री खडखडत नाही.

दुसरा आक्षेप खरा आहे, म्हणून त्याला खरे उत्तर द्यायला हवे : "टू-स्ट्रोक हवा घाण करते, ती मरायलाच हवी होती." हो, करते. एक्झॉस्टचे पोर्ट बंद व्हायच्या आत ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच बाहेर निसटतो, वर तेलही जळते. प्रदूषणाचे नियम १९९६ आणि २००० मध्ये कडक झाले आणि या गाड्या गेल्या, ते बरोबरच झाले. रोज ऑफिसला जायला टू-स्ट्रोक वापरावी असे मी कोणालाही सांगणार नाही. पण महिन्यातून दोनदा मातीवर चालणारी, सील धड असलेली, मोजून कमी धुराचे टू-टी तेल घातलेली गाडी वेगळी, आणि रंगवून विकलेली, गळक्या सीलची, चौकाचौकांत धूर सोडणारी गाडी वेगळी. धुराची खरी काळजी असेल तर रागावायचे ते दुसरीवर.

कायदाही हेच विचारतो, हे गमतीचे आहे. नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे गाडी तपासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ ला दुचाकीच्या नूतनीकरणाची फी ३०० वरून १,००० रुपये झाली होती. दिल्ली परिसराची गोष्ट वेगळी, पण इथे जुनी गाडी चालण्यालायक असेल तर तिला रस्ता बंद नाही. २०२१ च्या नियमांनी 'व्हिंटेज' नावाचा वेगळा वर्ग केला, त्याला ५० वर्षे पुरी लागतात. १९८५ ची पहिली आरएक्स त्यात २०३५ मध्ये जाईल, आणि गेल्यावर तिला रोजच्या वापराची परवानगी नसेल. म्हणजे जो तुम्हाला "व्हिंटेज आहे साहेब" म्हणून भाव सांगतो, तो कायद्यानेही चूक आहे. तपासणीत ब्रेक, दिवा, हॉर्न पाहतात. क्रोम कोणी पाहत नाही.

तिसरा आक्षेप : "आम्हाला हे काम कुठे येते?" येते. आपण आयुष्यभर मेंटेनन्स परेड केली आहे. ईएमईचे बोधवाक्यच 'कर्म ही धर्म' आहे. फौजेत गाडी किती चकाकते यावर ती रोडवर्दी ठरत नाही. इंजिन खोलणे, क्रमाने मांडणे, धुणे, मोजणे, परत जोडणे हे कोणीही धीराचा माणूस शिकतो. जे आपल्याला येत नाही, म्हणजे बोअर मारणे आणि क्रँक सरळ करणे, ते लेथवाल्याकडून करून घ्या, पण समोर उभे राहून. मी ज्यांच्याकडे जातो ते अण्णा साठीचे आहेत. माझी तमिळ मोडकी, त्यांची हिंदी त्याहून मोडकी; डायल गेजचा काटा दोघांनाही वाचता येतो, तेवढे पुरते. काटा पाव मिलिमीटरच्या जवळपासही हलला तरी ते क्रँक परत ठोकायला घेतात. शतांशात आणल्याशिवाय हातात देत नाहीत. त्यांच्या मजुरीत मी घासाघीस करत नाही. सजवणाऱ्याला लाख देणारे लोक अशा माणसाशी दोनशे रुपयांवरून भांडतात, हे मी पाहिले आहे. त्यांच्या हाताखाली आज एकही शिकाऊ पोरगा नाही. हा हात गेला की पुदुपेट्टै भरून पिस्टन असले तरी आपली गाडी उभी राहणार नाही. जुन्या गाड्या वाचवायच्या असतील तर पैसा त्या लेथवर पोचला पाहिजे.

राहिला मातीचा प्रश्न. डर्ट बाइक म्हणजे फ्रेम कापणे नव्हे. पुढचे स्प्रॉकेट एक दाताने लहान, हँडल रुंद, पुढचा मडगार्ड उंच, इंजिनाखाली पत्रा, दातेरी टायर : एवढ्यात काम होते आणि सगळे परत जागेवर बसवता येते. फ्रेम कापली की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकता, आणि एक चांगली गाडी कायमची जाते. सायलेन्सर कापून आवाज वाढवणारे तर टू-स्ट्रोकचे शत्रूच. तिचा सायलेन्सर ताकदीचाच भाग असतो, आकार बिघडला की ताकद जाते आणि उरतो तो आवाज.

आणि चालवायची कुठे? किनाऱ्यावर नाही. नीलांकराई-बेझंट नगरच्या वाळूत जानेवारी ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. १९८८ पासून इथले विद्यार्थी रात्र रात्र चालून ती घरटी वाचवतात. तिथे दातेरी टायर फिरवणे हा पराक्रम नाही. पळ्ळिकरणैच्या पाणथळीतही नाही. मालकाला विचारून त्याच्या पडीक रानात चालवा, गाडी टेम्पोत घालून न्या, हेल्मेट आणि बूट घाला.

पहिल्या ५०० किलोमीटरला लिटरमागे ५० मिली तेल, नंतर कंपनीच्या पुस्तकात असेल तेवढे. गाडी तापू द्या, निवू द्या, डोक्याचे नट पुन्हा आवळा. इतके करून खिशात काही उरले, तर मग टाकीला रंग द्या. रंग कोणता, यासाठी मात्र मला फोन करू नका.