चार ठोसे खाल्ल्याशिवाय?

(द्वितीय वर्ष कला)

यंदा आपल्या जिमखान्यात कॅरमच्या टेबलाशेजारी एक पंचिंग बॅग टांगली गेली आणि कपाटात बॉक्सिंगच्या ग्लोव्ह्जचे चार जोड आले. दहा-बारा जणांनी नावे दिली, त्यांत तीन विद्यार्थिनी आहेत. आनंदाची गोष्ट आहे. मात्र ग्लोव्ह्ज आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून एकच प्रश्न कानावर येतो आहे : ‘स्पारिंग कधी?’ हा प्रश्न विचारणारे आणि त्याला उत्तर देणारे, दोघेही एका वाक्याचा आधार घेतात. ‘चार ठोसे खाल्ल्याशिवाय काय शिकणार?’ या वाक्याविरुद्ध मला चार शब्द लिहायचे आहेत.

तुझा अधिकार काय, असे कुणी विचारील. मी विजेता नाही, माझ्या नावावर पदक नाही. सव्वा वर्ष शहरात बॉक्सिंग शिकतो आहे, पहिले दोन महिने एका हॉलमध्ये आणि पुढे दुसऱ्या. म्हणजे नवशिकाच. परंतु नवशिक्याचे काय होते हे नवशिक्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? जिंकणारे ते केव्हाच विसरून गेलेले असतात.

ज्या प्राध्यापकांचा या खेळाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. स्पारिंग म्हणजे सरावाची लढत. समोर माणूस असतो, तोही ठोसे मारतो, पण निकाल नसतो, गुण नसतात. सामन्यात वजनगटाप्रमाणे दहा किंवा बारा औंसांचे ग्लोव्ह्ज घालतात, तर सरावाच्या लढतीला बहुधा सोळा औंसांचे घालतात. जास्त भरावाने मार थोडा बोथट व्हावा, हा हेतू. डोक्याला हेडगार्ड आणि दातांवर रबरी गमशील्ड. एवढे घातले की मनुष्य सुरक्षित झाला, अशी समजूत आहे. तिच्याकडे पुढे येतो.

आमच्या भागात मुष्टियुद्ध आले ते मुख्यतः पलटणीतून. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर मूळचे सैन्यातले मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात ते जबर जखमी झाले आणि पुढे १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. २०२४ मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाल्यापासून त्यांचे नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आहे. पण गावात आजही बॉक्सिंगकडे कुस्तीच्या डोळ्यांनीच पाहिले जाते. अंगात रग असली म्हणजे झाले! वास्तविक ज्या आवळलेल्या खांद्यांनी पैलवान समोरच्याला धरतो, तेच खांदे बॉक्सिंगमध्ये हाताचा वेग मारतात. इथे धरणे हा नियमभंग आहे. आणि गंमत अशी की, आमच्या गावच्या तालमीतला वस्ताद नव्या पोराला जोड देण्याआधी महिनाभर नुसती माती उकरायला लावतो, जोर-बैठका काढून घेतो, आणि मग जोड देतो तोही त्याच्या तोलाचा. हे शहाणपण बॉक्सिंगच्या हॉलपर्यंत पोहोचताना कुठे गळून पडते कोण जाणे.

मी ज्या पहिल्या हॉलमध्ये जात असे तिथे तिसऱ्या आठवड्यात नव्या मुलांना जुन्यांसमोर उभे करीत. समोरचा चार वर्षे खेळलेला, आठ-दहा किलोंनी जड. बाकीचे भिंतीला टेकून पाहत आणि हसत. याला तिथे ‘पाणी जोखणे’ म्हणत. अशा वेळी नव्याच्या शरीरात काय घडते ते पाहण्यासारखे आहे. तोंडावर काही येऊ लागले की पापण्या आपोआप मिटतात, मान मागे जाते, हनुवटी वर उचलली जाते, श्वास कोंडला जातो, पाय सरळ रेषेत मागे पळतात. यात भित्रेपणा काही नाही. डोळे वाचवण्यासाठी निसर्गानेच लावून दिलेली ही शिस्त आहे. पण यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट या खेळात उलटी पडते. वर गेलेल्या हनुवटीवर ठोसा बसला की डोके गर्रकन फिरते. मिटल्या डोळ्यांना दुसरा ठोसा दिसत नाही. श्वास कोंडलेल्या माणसाची मिनिटभरात भट्टी होते, आणि फेरी तर तीन मिनिटांची असते. परीक्षेतले शेवटचे तीन मिनिट किती आखूड असतात आणि हे किती लांब, याची तुलना ज्याने दोन्ही भोगले आहे त्यानेच करावी! पहिल्या फेरीत मला समोरच्याच्या ग्लोव्ह्जपलीकडे काही दिसले नाही. खांदे नाहीत, पाय नाहीत. घंटा झाल्यावर जुन्या मुलांनी पाठ थोपटली आणि ‘टिकलास’ म्हणाले. टिकलो हे खरे, पण त्या तीन मिनिटांत शिकायला मिळाले ते काहीच नाही. माणूस घाबरला की शरीर आपल्या जुन्याच सवयी घट्ट करते. म्हणजे जोरदार स्पारिंगने नवशिक्याचे तंत्र सुधारत नाही, बिघडते.

माझ्याबरोबर येणारा एक जण माझ्याहून चपळ होता. नजर तीक्ष्ण, पाय हलके. त्याला त्या ‘जोखण्या’त कानशिलावर एक हुक बसला. दोन दिवस त्याचे डोके दुखत राहिले, उजेड सोसेना, मळमळ होऊ लागली. हॉलमध्ये सांगितले तर उत्तर मिळाले, ‘सवय होईल.’ तो पुन्हा आला नाही. मागे उरलो ते आम्ही, ज्यांना मार जास्त सोसतो असे. निवड झाली ती कातडीची, कौशल्याची नव्हे.

‘सवय होईल’ हे सांगणाऱ्याने एक गोष्ट जाणून घ्यायला हवी होती. स्नायूंना माराची सवय होते, मेंदूला होत नाही. कवटीच्या आत तो एका द्रवात असतो; डोके झटक्याने फिरले की आतल्या आत तोही हादरतो. हेडगार्ड कातडी फाटू देत नाही, भुवई वाचवतो, पण हा आतला हादरा थांबवू शकत नाही. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हेडगार्ड सक्तीचे झाले. २०१३ साली आंतरराष्ट्रीय संघटनेने वरिष्ठ पुरुषांच्या सामन्यांतून ते काढले आणि २०१६ ला रिओमध्ये पुरुष त्यांच्याविना लढले. काढणे योग्य की अयोग्य, हा वाद तज्ज्ञांचा. आपण इतकेच घ्यावे की, हेडगार्ड आहे म्हणून जोरात मारायला हरकत नाही हा हिशेब खोटा आहे. मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूच्या विकाराबद्दल मार्टलंड नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९२८ सालीच लिहून ठेवले आहे. त्याशिवाय पहिल्या हादऱ्यातून सावरण्याआधी दुसरा बसला तर तो जिवावरही बेतू शकतो. माझा मित्र दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये गेला नाही, हे त्याच्या आईचे नशीब.

मोठ्यांची उदाहरणे लगेच पुढे केली जातात. महंमद अली सरावात आपल्या जोडीदारांना मुद्दाम अंगावर घेत असे, मार पचवण्याची तयारी म्हणून. १९७४ साली किन्शासाला जॉर्ज फोरमनविरुद्ध दोरांना टेकून त्याने जो मार झेलला आणि आठव्या फेरीत त्याला पाडले, ती कथा प्रत्येक हॉलमध्ये सांगतात. तीच लढत पाच आठवडे पुढे ढकलावी लागली होती, कारण सरावात जोडीदाराचे कोपर लागून फोरमनच्या डोळ्यावर जखम झाली होती, हे मात्र कुणी सांगत नाही. १९८४ मध्ये अलीला पार्किन्सन्सचे निदान झाले, हेही सांगत नाहीत. त्या आजाराला ठोसेच कारण होते का, याबद्दल डॉक्टरांत एकमत नाही. पण अलीच्या सरावाची नक्कल करायला निघालेल्या द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्याने त्याची पुढची तीस वर्षेही डोळ्यांसमोर ठेवावीत.

आता विरोधी पक्षाचे म्हणणे. ते अगदीच पोकळ नाही. बॅग उलट मारत नाही, आरसाही मारत नाही. वर्षभर बॅग बडवलेला मुलगा पहिल्याच सामन्यात भांबावतो, हे मी पाहिले आहे. अंगावर ठोसा येणे म्हणजे काय, हे कधीतरी शरीराला कळलेच पाहिजे. माझा वाद स्पारिंगशी नाहीच, तो मापाशी आणि क्रमाशी आहे. थायलंडचे मुष्टियोद्धे वारंवार सामने खेळतात आणि म्हणूनच सरावाच्या लढती हलक्या हाताने करतात. अंग सामन्यासाठी राखायचे असते. त्यांना कुणी भित्रे म्हणून दाखवावे!

दुसऱ्या हॉलमधले आमचे सर निवृत्त फौजी आहेत, बोलायला कडक. त्यांनी पहिले सहा आठवडे मला कुणाला मारूच दिले नाही. डावा पाय पुढे, उजवी टाच किंचित उचललेली, हनुवटी छातीकडे. डावा जॅब ज्या रेषेने गेला त्याच रेषेने परत गालापाशी आला पाहिजे, वाटेत खाली पडता कामा नये. पडला की सर छडीच्या टोकाने माझ्या उघड्या गालाला हळूच स्पर्श करीत. मग जोडी लावली, पण खेळ फक्त खांद्याला हात लावण्याचा. मग जॅब, तोही एकानेच मारायचा आणि दुसऱ्याने नुसता हाताने बाजूला सारायचा किंवा डोके चार बोटे हलवून चुकवायचा. समोरून काय येणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे भीती निम्मी होते, आणि भीती निम्मी झाली की डोळे उघडे राहतात. तीन आठवड्यांनी मला पहिल्यांदा समोरच्याचा खांदा दिसला. ठोसा निघण्याआधी खांदा किंचित हलतो. तो पाहायचा असतो, ग्लोव्ह नव्हे. त्या दिवशी मला जो आनंद झाला तो बारावीच्या निकालाला झाला नव्हता. पुढे उजवा हात मिळाला, मग पोटावरचे ठोसे, आणि चौथ्या महिन्यात मोकळी फेरी. जोर तिसऱ्या हिश्शाचा, कुणी वाढवला की सर फेरी तिथेच थांबवीत. समोर नेहमी आमच्यापेक्षा तरबेज मुलगा असे, कारण हात आखडता घेणे हे ज्याला मारता येते त्यालाच जमते. दोन नवशिके एकमेकांसमोर सोडले की पहिला ठोसा चुकून जोरात लागतो, दुसरा मुद्दाम, आणि तिसऱ्यापासून मारामारी.

घरी अजून सगळे सांगितलेले नाही. वडिलांना वाटते पोरगा शिकायला गेला आहे, आणि तसे पाहिले तर तो शिकतोच आहे. पण आमच्यासारख्या घरांत, जिथे कॉलेजची पायरी चढणारा पहिलाच मुलगा असतो, तिथे डोक्याला इजा झाली तर नुकसान एका खेळाडूचे होत नाही. ज्या डोक्याच्या भरवशावर सगळे घर थांबलेले आहे, ते डोके कुणाच्या पुरुषार्थाच्या चाचणीसाठी उसने देता येत नाही.

म्हणून जिमखाना समितीला माझे सांगणे आहे. आपल्याकडे रिंग नाही, खाली शहाबादी फरशी आहे. ठोशापेक्षा पडताना फरशीवर डोके आपटणे अधिक घातक, तेव्हा कबड्डीच्या मॅट अंथरल्याशिवाय एकही फेरी होऊ नये. वजनात फार अंतर असलेली जोडी लावू नये. गमशील्ड प्रत्येकाची स्वतःची असावी. ती वाटून घेण्याची वस्तू नाही. डोके दुखते, गरगरते, असे कुणी म्हणाले तर त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे आणि डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत ग्लोव्ह्ज देऊ नयेत, मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आठ दिवसांवर का असेना. घड्याळ आणि शिट्टी एका जबाबदार माणसाच्या हाती असावी आणि त्याने फेरी थांबवली की हुज्जत नको. कपाटात हेडगार्ड दोनच आहेत. म्हणजे एका वेळी एकच जोडी उतरणार. बाकीच्यांसाठी बॅग आहे, आरसा मागवलेला आहे, आणि दोरीवरच्या उड्या तर फुकट आहेत.