बंदरावरचे ताट

मासा खावा तो बंदरावर, आणि शक्यतो अशा जागी बसून की जिथून तो मासा घेऊन आलेली होडीही दिसावी. या जागांना 'रेस्टॉरंट' म्हणताना जीभ थोडी अडखळते. बहुधा राहत्या घराची पडवी पुढे वाढवून, वर पत्रे टाकून केलेली ती खानावळ असते. टेबलावर मेणकापड, कोपऱ्यात हात धुवायचे पिंप, आतून येणारा तव्याचा चर्र आवाज आणि भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलेले भाव. सुरमई थाळी अमुक रुपये, बांगडा थाळी तमुक रुपये. पापलेटापुढे मात्र आकडा नसतो. तिथे लिहिलेले असते, 'साइझप्रमाणे'. हा एक शब्द आज जरा जपून वाचायचा आहे.

तत्पूर्वी ताटाला न्याय देऊ. तांदळाची भाकरी, लालभडक रस्सा, रव्यात घोळवून तळलेली तुकडी, वाटीत सोलकढी आणि कांद्याच्या दोन फाकी. शहरातल्या वातानुकूलित हॉटेलात हेच पदार्थ चौपट किमतीत मिळतात, पण चव तीच लागत नाही. त्याचे कारण नुसते मसाल्यात नाही. समोरून खारा वारा येत असतो, होड्यांवरची निशाणे फडफडत असतात, जाळी विणणाऱ्या माणसांच्या गप्पा कानावर पडतात. आपण जेवतो ते एका चालू कारखान्याच्या दारात बसून, आणि त्या कारखान्याची लगबगही पोटात जात असते.

असे एक बंदर म्हणजे हर्णै. दापोलीपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर त्याचे पाठीराखे कनकदुर्ग, गोवा आणि फत्तेगड हे किल्ले. आंग्र्यांच्या आरमाराचा हा बालेकिल्ला. १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने पेशव्यांशी संगनमत करून तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, हे आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो. हर्णैला गेलेल्या माणसाला मात्र इतिहासाआधी मासळीचा लिलाव दिसतो. वर्षानुवर्षे इथे मोठ्या होड्या थेट काठाला लागत नसत. त्या पाण्यात उभ्या राहायच्या, छोट्या होड्यांतून मासळी उथळ पाण्यात यायची आणि तिथून बैलगाड्यांतून वाळूवर. वाळूत वाटे मांडले जायचे, भोवती रिंगण धरले जायचे, आणि ओरडून ओरडून बोली लागायची. मुंबईचा व्यापारी, निर्यात कंपनीचा माणूस, शेजारच्या खानावळीचा मालक आणि पाटी घेऊन आलेली कोळीण हे सगळे एकाच रिंगणात. शेजारच्या पाजपंढरीसारखी गावेच्या गावे या एका किनाऱ्यावर जगतात. भाव ठरायला मिनिटभरही लागत नाही. त्या मिनिटामागे मात्र चार-पाच दिवसांचा समुद्र असतो.

प्रस्तुत लेखकाने आयुष्याची उमेद बँकेत खर्ची घातली, आणि त्यातली काही वर्षे किनाऱ्यावरच्या शाखेत. शेतकऱ्याला कर्ज दिले तर तारण जागेवर असते. जमीन कुठे जात नाही. मच्छीमाराचे तारण पहाटे उठून समुद्रात जाते. तपासणीला गेलेला अधिकारी बुटात वाळू भरून किनाऱ्यावर उभा, आणि बँकेची मालमत्ता क्षितिजावर ठिपका होऊन गेलेली! फाइलमध्ये लिहायचे काय, हा प्रश्न आम्हा सर्वांनाच पडत असे.

पण त्या फायलींनी एक गोष्ट शिकवली. होडी बंदर सोडते तेव्हाच ती कर्जात असते. डिझेल भरायचे, बर्फ भरायचा, खलाशांचे रेशन भरायचे, फाटलेले जाळे दुरुस्त करायचे. इंजिनाने मध्येच दगा दिला तर तो खर्च वेगळा. जाळे पाण्यात पडण्याआधीच हा सगळा पैसा गेलेला असतो. बँकेचे कर्ज होडीला मिळते. रोजच्या फेरीसाठी लागणारी रोकड द्यायला बँकेची खिडकी पहाटे चारला उघडी नसते. व्यापाऱ्याची असते. तो आगाऊ पैसे देतो, व्याजाचे नावही काढत नाही. अट एकच, मासळी त्यालाच द्यायची. आता ज्याने आधीच पैसे घेतले आहेत, त्याने लिलावाच्या रिंगणात ताठ मानेने भाव कसा मागावा? व्याज असतेच, ते भावात दडलेले असते. आमच्या वहीत त्याला रकाना नव्हता.

या बाबतीत काही बदलले आहे, हे मान्य करायला हवे. किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८ च्या अर्थसंकल्पात मच्छीमारांपर्यंत आणली गेली. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, म्हणजे कर्ज, वीज, विमा यांत शेतकऱ्याप्रमाणे सवलतींची वाट मोकळी झाली. कागदावरची वाट वाळूपर्यंत यायला किती वेळ लागतो, याची बँकवाल्यांना चांगली कल्पना असते. तरीही वाट असणे हे नसण्यापेक्षा बरे.

आता त्या 'साइझप्रमाणे' या शब्दाकडे येऊ.

कर्जात निघालेल्या होडीला रिकामे परतणे परवडत नाही. मोठा मासा मिळाला नाही तर लहान घ्यायचा, लहान मिळाला नाही तर पिल्ले घ्यायची. जाळ्याची आस बारीक होत जाते, इंजिन मोठे होत जाते. एक होडी पर्ससीनचे प्रचंड जाळे टाकून थवेच्या थवे ओढते, तर दुसरी रात्री एलईडीचे झगझगीत दिवे लावून मासळीला भुलवते. आजची फेरी सुटते खरी. पण ज्या पापलेटाने एकदाही अंडी घातलेली नाहीत ते या वर्षी पकडले, तर पुढच्या वर्षीची पापलेटे येणार कुठून? मग पुढच्या वर्षी होडी आणखी दूर जाणार, आणखी डिझेल जाळणार, आणखी उचल घेणार. समुद्रातली मासळी म्हणजे मुद्दल. तिच्या वाढीवर पिढ्यान् पिढ्या जगता येते. इथे मुद्दलच मोडून खाणे चालले आहे, आणि त्याला आपण 'आवक' म्हणतो.

कायदे नाहीत असे नाही. महाराष्ट्राने सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ मध्येच केला आणि २०२१ मध्ये दुरुस्ती करून दंडही वाढवले. पर्ससीनवर राज्याने २०१६ मध्ये निर्बंध आणले. एलईडी दिव्यांच्या मासेमारीला केंद्राने २०१७ मध्ये मनाई केली. सप्टेंबर २०२३ मध्ये आपण पापलेटाला राज्य मासा म्हणून मान दिला, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. त्याहून लहान मासा पकडू नये, विकू नये. नियम उत्तम आहेत. पण समुद्राला ना कुंपण, ना तलाठी. गस्तीची नौका एका बाजूला गेली की दुसरी बाजू मोकळी. म्हणून नियमाची खरी परीक्षा समुद्रात होत नाही, ती मेणकापडाच्या टेबलावर होते.

कशी, ते पाहा. चार जणांचे कुटुंब जेवायला बसते. प्रत्येकाला स्वतःच्या ताटात अख्खा पापलेट हवा असतो, डोक्या-शेपटीसकट, शोभिवंत. किलोभराचा मासा ताटात मावत नाही आणि खिशालाही परवडत नाही. मग ताटात मावेल, थाळीच्या भावात बसेल असा मासा हवा. खानावळवाला तो लिलावात शोधतो, आणि लिलावात ज्याला गिऱ्हाईक आहे ते जाळ्यात येते. ताटाचा व्यास समुद्रातल्या माशाचे वय ठरवतो! यात कुणी खलनायक नाही. खानावळवाल्याला धंदा करायचा आहे, तांडेलाला उचल फेडायची आहे, आपल्याला मुलांना खूश करायचे आहे. सगळे आपापल्या जागी बरोबर, आणि सगळ्यांची बेरीज चूक.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. पश्चिम किनाऱ्यावर २०१५ पासून १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते. पुष्कळ मासळीचा हा विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. होड्या वाळूवर ओढून, शाकारून ठेवलेल्या असतात. अशा दिवसांत भर पावसात गाडी काढून कोकणात जायचे आणि 'आजची ताजी सुरमई आहे ना?' असे विचारायचे, ही नवी रीत रूढ झाली आहे. उत्तर अर्थातच 'आहे' असे येते. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते. ती उठली की तिकडची मासळी बर्फातून इकडे येऊ शकते. नाहीतर शीतपेटीतली असते. खाडीतले, बिनइंजिनाच्या होडीने धरलेले थोडे मासे खरोखर ताजे असतात, पण ते सुरमई नसतात.

आपल्या आज्यांना हे कॅलेंडर पाठ होते. वैशाखात बोंबील, सोडे, सुकट वाळवून डब्यात भरली जायची. आषाढात तीच मासळी कांद्याबरोबर परतली की घरभर वास सुटे. श्रावण आला की पुष्कळ घरांत तीही बंद. मग नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ, आणि नव्या मोसमाची पहिली मासळी. या रिवाजामागे कुणी शास्त्रज्ञ नव्हता, पण समुद्राला दम खाऊ द्यावा एवढे शहाणपण होते. बाराही महिने सगळे मिळाले पाहिजे, हा हट्ट आपला आहे, कोकणचा नव्हे.

तिसरी गोष्ट बंदराची. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत सुवर्णदुर्ग आहे. आनंद आहे, अभिमानही आहे. पर्यटक वाढतील, खानावळी वाढतील, चार पोरांना गावातच काम मिळेल. पण पर्यटक वाढले की एक कुरकूरही सुरू होते. वास फार येतो, जाळी वाटेत पसरली आहेत, बायका रस्त्यातच मासळी घेऊन बसतात. मग कुणीतरी सुचवतो की किनारा जरा 'स्वच्छ' करावा, फरसबंदी करावी, मासळीवाल्यांना पलीकडे हलवावे. अशा सुधारणेत प्रथम जागा जाते ती पाटीवालीची. तिची जागा कुठल्या सातबाऱ्यावर नसते. आणि एकदा ती गेली, होड्या गेल्या, जाळी गेली, की उरते एक गुळगुळीत चौपाटी आणि लांबून ट्रकने आलेला मासा. ज्या दृश्यासाठी लोक आले, तेच दृश्य त्यांच्या सोयीसाठी पुसलेले! बंदर पाहण्यासारखे असते, कारण ते कुणी पाहावे म्हणून चालवलेले नसते.

त्या माणसांचे जगणे सोपे नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये 'फयान' वादळाने याच किनाऱ्यावर होड्या आणि माणसे गिळली. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळाने दापोली तालुक्यातली घरे आणि बागा आडव्या केल्या. इशारा आला की हर्णैच्या होड्या आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला धावतात, आणि ते दिवस बिनकमाईचे जातात. अनेक होड्यांवर आता नेपाळहून आलेली तरुण मुले खलाशी म्हणून राबतात. हिमालयाच्या पायथ्याचा पोरगा आपल्या ताटातल्या सुरमईसाठी अरबी समुद्रात रात्र काढतो, हे बिलात कुठे लिहिलेले नसते.

मग काय करायचे? मासे सोडायचे का? छे, तसे सांगणाऱ्याला कोकणात पाणी कोण देईल! खायचे, आणि आनंदानेच खायचे. फक्त ऑर्डर देण्याआधी 'पापलेट आहे का?' असे न विचारता 'आज काय आलंय?' असे विचारायचे. तारली, मांदेली, ढोमा, मुडदुशे, बांगडा असे काही उत्तर आले तर नाक मुरडायचे नाही. तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले ज्याने मनापासून खाल्ले आहे, तो पापलेटासाठी झुरत नाही. पापलेट खायचेच असेल तर चौघांत एक मोठे, पूर्ण वाढलेले घ्यायचे आणि तुकड्या वाटून खायच्या. आपल्याकडे वाटून खाणे ही काही नवी गोष्ट नाही. तळहाताएवढे पिल्लू ताटात आले तर भांडण न करता, पण स्पष्ट शब्दांत, 'एवढे लहान नको' म्हणायचे. दहा टेबलांवरून दहा वेळा हे ऐकू आले, तर अकराव्या दिवशी खानावळवाला लिलावात वेगळा वाटा उचलेल. त्याच्याइतके गिऱ्हाइकाचे मन कुणाला कळते?

आणि मुले बरोबर असतील तर जेवणाआधी त्यांना लिलाव दाखवायला न्या. गाड्यांच्या वाटेत उभे राहू नका, कामातल्या माणसांच्या तोंडासमोर कॅमेरा धरू नका, एका कडेला थांबा. कुठला मासा कुठला ते पाटीवाल्या मावशींना विचारा. त्या हसतील, चेष्टा करतील, पण सांगतील. आणि त्यांच्याकडून घेतलाच मासा, तर घासाघीस बेताने करा. जी माणसे मॉलमध्ये छापील किमतीपुढे मान तुकवतात, तीच पाटीपुढे दहा रुपयांसाठी वीस मिनिटे हुज्जत घालतात, हे काही शोभणारे नाही.

बँकेत आम्हाला एक साधा नियम होता. कर्ज देताना आजची शिल्लक पाहायची नाही, खाते दहा वर्षांनी कसे दिसेल ते पाहायचे. आपल्या नातवंडांनी फळ्यावर 'पापलेट' हा शब्द वाचावा, आणि त्यापुढे 'साइझप्रमाणे' ऐवजी 'आता मिळत नाही' असे लिहिलेले नसावे, एवढेच या खात्याचे मागणे आहे. येत्या रविवारी कोकणात जात असाल तर जरूर जा. पोटभर जेवा, सोलकढी दुसऱ्यांदा मागा, आणि काय मागवायचे ते ठरवण्याआधी एकदा समोरच्या होड्यांकडे बघा.