पक्ष विरला, बाई उरल्या

महाराष्ट्रातील समाजवाद्यांनी किती नावे धारण केली आणि किती टाकली, याचा हिशेब त्यांच्या कार्यकर्त्यांनाही लागत नसे. समाजवादी, प्रजासमाजवादी, संयुक्त समाजवादी, पुन्हा समाजवादी, मग जनता आणि अखेर जनता दल! पाट्या अशा बदलत असताना मुंबईच्या गोरेगावातील मतदार मात्र एकच नाव ओळखत होता, ते म्हणजे मृणाल गोरे.

वैद्यकीय शिक्षण सोडून राष्ट्र सेवा दलाच्या कामात आलेल्या मृणालताईंचे पती केशव गोरे १९५८ मध्ये निवर्तले. पदरी लहान मुलगी होती. तरीही १९६१ मध्ये त्या महापालिकेवर निवडून आल्या. त्यांचे राजकारण पुस्तकातून नव्हे, सार्वजनिक नळावरून सुरू झाले. उपनगरांत माणसे येत होती, पाणी येत नव्हते. त्यांनी हंडे घेतलेल्या बायकांना पालिकेच्या दारात उभे केले आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले. १९७२ मध्ये काँग्रेसने विधानसभेच्या २७० पैकी २२२ जागा जिंकल्या. त्या लाटेतही मृणालताई विजयी झाल्या. ते मत समाजवादाला नव्हते, हंड्याला होते. हे त्यांच्या पक्षातील विचारवंतांना कधी उमगले नाही.

आणीबाणीत त्या प्रथम भूमिगत राहिल्या, पुढे तुरुंगात गेल्या. त्याच काळात संघाचे हजारो स्वयंसेवकही गजाआड होते. १९७७ मध्ये जनता पक्षातर्फे त्या उत्तर मुंबईतून लोकसभेत गेल्या, तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा सर्वतोमुखी झाली होती. देऊ केलेले मंत्रिपद त्यांनी नाकारले. सत्तेच्या बाजारात ही निःस्पृहता दुर्मिळच म्हटली पाहिजे, मग ती विरोधी विचाराच्या व्यक्तीची का असेना.

परंतु तुरुंगात ज्यांच्या पंक्तीला बसले, त्यांचे संघाशी असलेले नाते समाजवाद्यांना सत्तेत येताच खुपू लागले. दुहेरी सदस्यत्वाचा वाद उकरून १९७९ मध्ये त्यांनी सरकार खिळखिळे केले. जनसंघाची मंडळी १९८० मध्ये भारतीय जनता पक्ष म्हणून पुन्हा उभी राहिली. समाजवादी विखुरले ते विखुरलेच.

गोरेगावातच याचा पडताळा मिळतो. जनसंघाचे राम नाईक यांनी १९६४ मध्ये तेथे प्रवासी संघ स्थापन करून लोकलच्या प्रवाशांची गाऱ्हाणी हाती घेतली. एकीने पाणी धरले, दुसऱ्याने रेल्वे; रीत एकच. नाईक १९८९ पासून सलग पाच वेळा त्याच उत्तर मुंबईतून निवडून आले, आणि त्यांच्यामागे शाखाशाखांतून घडलेली कार्यकर्त्यांची फळी होती. मृणालताई १९८५ मध्ये पुन्हा विधानसभेत गेल्या, १९८८-८९ मध्ये विरोधी पक्षनेत्याही झाल्या. गर्भलिंग चाचण्यांविरुद्ध त्यांनी तेथे आवाज उठवला; १९८८ चा राज्याचा कायदा ही त्याचीच फलश्रुती. त्यांच्या पुढाकाराने नागरी निवारा परिषदेने दिंडोशीला सहा हजारांवर घरे उभारली.

१७ जुलै २०१२ रोजी त्यांचे निधन झाले. ती घरे आहेत, तो कायदाही पुढे देशभर गेला. त्यांच्या जागी उमेदवारी मागायला मात्र समाजवादी पक्षच उरला नव्हता.