नंबर किती?

'लेटेस्ट आहे' या दोन शब्दांवर माझा दात आहे. भाजीवाल्याचे 'ताजी आहे' मी समजू शकतो. त्याला मेथी खपवायची असते. पण शिकल्यासवरल्या माणसाला आकडा विचारावा आणि त्याने विशेषण द्यावे, हे आमच्या कॉमर्सच्या डोक्याला झेपत नाही. उद्या काउंटरवर खातेदाराने शिल्लक विचारली आणि मी 'पुष्कळ आहे' म्हणालो, तर चालेल?

परवाच्या पावसाळ्यात भाचा चार दिवस भिवंडीला आमच्याकडे आला होता. पोरगा सॉफ्टवेअरमध्ये आहे. बाहेर शेजारच्या गाळ्यात यंत्रमाग खडखडत होते आणि आत हा फोनवर.

"सर, माझ्याकडे चालतंय!"

"इथे सर्व्हरवर चालत नाही!"

"सर, तिकडचं गिट अपडेट आहे ना?"

"अरे, लेटेस्ट आहे!"

साडेनऊला सुरू झालेले हे भजन साडेबारा झाले तरी संपेना. आमटी दोनदा गरम झाली. गिट म्हटल्यावर हिला गुलाबजामचे पाकीट आठवले. ते हे नव्हे. दहाजण एकाच प्रोग्रामवर काम करतात, तेव्हा कोणी, कधी, काय बदलले आणि बदलण्यापूर्वी काय होते, याचा हिशेब हे गिट ठेवते. लिनस टॉरव्हाल्ड्स या गृहस्थांनी २००५ च्या एप्रिलमध्ये ते लिनक्सच्या कामासाठी लिहिले. इंग्लंडात बोलीभाषेत गिट म्हणजे तापदायक मनुष्य, हे कळल्यावर मला त्या नावाविषयी आदरच वाटला.

म्हणजे काय, तर आपली फेरफार नोंदवहीच की! सातबारा जमिनीची आजची स्थिती सांगतो. ती तशी कशी झाली, हे गाव नमुना सहामध्ये बघायचे. भिवंडी तालुक्यात गोदामे उभी राहिली, जमिनीला भाव आला, तेव्हापासून शहाणा माणूस फेरफार बघितल्याशिवाय सातबाऱ्याला हात लावत नाही. पण सगळे बदल ज्यावर उतरतात तो कागदही बदलतोच. राज्य सरकारने २०२० साली सातबाऱ्याचा नमुनाच बदलला आणि गावाच्या नावाबरोबर कोड क्रमांक आला. तेव्हा हातातला नमुना जुना की नवा, हे आधी बघायचे आणि मग भांडायचे. वकील नंतर आहेतच.

"अरे, मग त्यांना नंबर विचार की," मी म्हणालो.

"मामा, असं कसं विचारू? सीनियर आहेत ते. बरं दिसत नाही."

इथे माझे डोके फिरले. ज्या देशात आगगाडीत भेटलेला मनुष्य कल्याण यायच्या आत तुमचा पगार विचारतो, तिथे एका यंत्राला नंबर विचारणे वाईट दिसते? एक ओळ तर लिहायची. गिट, मग जागा सोडून दोन आडव्या रेघा, त्यांना चिकटून व्हर्शन. त्याला पासवर्ड लागत नाही, साहेबांची सही लागत नाही, आणि काही बिघडतही नाही. नाही विचारले तर मात्र रात्री साडेबाराला चूक कोणाची ठरते? धाकट्याची!

काहीजण म्हणतात, सगळे नेहमी अपडेट ठेवावे, म्हणजे नंबराची कटकटच नको. ठेवा ना! पण ते अपडेट झाले, हे कळणार कशावरून? २०२२ च्या एप्रिलमध्ये गिटमधली सुरक्षेची एक फट बुजवली, ती २.३५.२ या आवृत्तीत. तुमचे दार उघडे की बंद, हे 'लेटेस्ट' या शब्दातून काढून दाखवा बरे. (काही ठिकाणी जुन्याच नंबरावर ठिगळ लावून देतात, म्हणून नंबराच्या मागे शेपूट असेल तर तेही वाचावे. शिवाय एकाच यंत्रात दोन गिटे नांदत असतात, हा आणखी वेगळा संसार.)

शेवटी भाच्याने धीर केला. पलीकडे बराच वेळ शांतता. मग आवाज आला, "२.१७.१."

भाच्याकडे २.४३ होते. ज्या 'स्विच' नावाच्या हुकमावर गाडे अडले होते, तो २०१९ च्या ऑगस्टमध्ये २.२३ बरोबर आला. सर्व्हरवरचे गिट २०१८ चे. 'स्विच हा गिटचा हुकूम नव्हे,' असे ते बिचारे तीन तास प्रामाणिकपणे सांगत होते आणि साहेब त्याचा अर्थ 'पोराने चुकीचे टाइप केले' असा लावत होते.

"निदान २.९ तरी असायला हवं होतं," मी पोक्तपणे म्हणालो, "मग चाललं असतं."

"मामा, २.९ याच्याहून जुनं. २०१६ चं."

"अरे, २.९ म्हणजे दोन रुपये नव्वद पैसे. ते मोठं!"

"हे पैसे नाहीत, मामा. नवानंतर दहा, दहानंतर अकरा. असं करत सतरा."

गेली बावीस वर्षे दशांशचिन्हावर पोट भरणारा मी, गुपचूप पाटाकडे वळलो. आमटी पानात पडली.

"तिसऱ्यांदा गरम केलेली आहे," ही म्हणाली. "नंबर हवा होता ना तुम्हाला?"