खेळात जात आणू नका!

'अहो, खेळात जात आणू नका,' असं कुणी म्हणालं की माझ्या हातातला चहा निवतो. वाक्य वाईट नाही. शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून शोभेल. पण म्हणणाऱ्याचा थाट असा, की जात जणू परवाच्या एसटीनं खेळात उतरली आणि आपण हटकलं नाही तर मुक्काम ठोकील!

घोडेगावात हेच झालं. जनावरांचा बाजार होता. मला म्हैस घ्यायची नव्हती. पण घोडेगावच्या बाजारात जाऊन म्हशीचे दात न बघणं म्हणजे शेजारी शिंगणापुरात जाऊन तेल न वाहण्यासारखं. दात बघून झाल्यावर रस्त्यालगतच्या हॉटेलात टेकलो. साधा चहा ग्लासात, मातीच्या कुल्हडातला पाच रुपये जास्त. समोरचे गृहस्थ कुल्हडवाले. गप्पा भारतीय संघाच्या निवडीवर आल्या, कुणी तरी आडनावं मोजायला लागला, आणि गृहस्थांनी ते वाक्य टाकलं.

गप्प बसायला हवं होतं. पण जमलं नाही.

म्हटलं, "साहेब, 1906 च्या फेब्रुवारीत मुंबईत एक सामना झाला. कसोटी वगैरे नव्हे. आपली पहिली कसोटी 1932 ची. हा हिंदू विरुद्ध युरोपियन. संघांची नावं ऐकलीत ना? जात-धर्म नाणेफेकीच्या आधीच पॅडं बांधून बसले होते!"

त्या हिंदू संघात पालवणकर बाळू होते. डावखुरे, संथ फिरकी टाकणारे, चांभार समाजातले. त्याआधी पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी राखायची आणि साहेबांना सरावासाठी तासन् तास चेंडू टाकायचे, हे त्यांचं काम. बॅट हातात मिळायची नाही. फलंदाजी साहेबांची, घाम बाळूंचा.

पुढे गोऱ्यांना हरवायचं म्हणून पुण्याच्या हिंदूंना बाळू हवेसे झाले. मैदानात सगळं सुरळीत. बाळूंनी टाकलेला चेंडू ब्राह्मण खेळाडू झेलायचा, आणि विटाळ होत नसे. चेंडू चामड्याचा, हे ध्यानात घ्या! विटाळ व्हायचा तो चहाच्या वेळी. बाकीचे आत, कपबशीत. बाळू बाहेर, मातीच्या भांड्यात.

"आणि ते भांडं?" गल्ल्यावरच्या मालकानं विचारलं. धंद्यातला प्रश्न.

"फेकून द्यायचं."

मालकानं एकदा गृहस्थांच्या हातातल्या कुल्हडाकडे पाहिलं आणि सुट्टे पैसे मोजायला लागला.

माझं भांडण त्या वाक्याशी आहे ते एवढ्यासाठीच. बाळूंना बाहेर चहा दिला जात होता, तेव्हा 'खेळात जात आणू नका' असं आतून कुणी ओरडल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. हे वाक्य सुचतं कधी, तर बाहेरचा माणूस आत डोकावून 'माझी कपबशी कुठंय?' असं विचारतो तेव्हा. सुचतं तेही कपबशीवाल्यालाच. अहो, जात त्यानं आणलेली नसते. तो फक्त तिच्याकडे बोट दाखवतो, आणि आपण बोटाला हटकतो!

बरं, माणूस किरकोळ होता म्हणावं, तर 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतलेला. तरी हिंदू संघाचं कप्तानपद काही रीतसर वाट्याला आलं नाही. ते मिळालं धाकट्या भावाला, विठ्ठलला, 1923 साली. म्हणजे त्या सामन्यानंतर 17 वर्षांनी. इतक्या अवधीत घोडेगावात म्हशीच्या किती पिढ्या विकल्या जातील, हिशोब करा.

गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, पटलं.

"पण काय हो," ते म्हणाले, "ती मॅच जिंकली का आपण?"

"जिंकली. 109 धावांनी."

"मग झालं तर!" असं म्हणून त्यांनी उरलेला घोट घेतला आणि कुल्हड रस्त्याकडेला भिरकावलं.