पर्वणीनंतरचा रकाना

२०२७च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी साधुग्राम उभारायचे म्हणून तपोवनातल्या १,७००हून अधिक झाडांवर गंडांतर आणणारी नोटीस नाशिक महापालिकेने नोव्हेंबर २०२५मध्ये काढली. नाशिककरांनी शेकडो लेखी हरकती नोंदवल्या, तपोवनात ठाण मांडले. त्याबरोबर ‘हा तर कुंभालाच विरोध’ असा शिक्का मारून काही मंडळी मोकळी झाली. शिक्का सोयीचा, पण खोटा. पिढ्यान् पिढ्या दर बारा वर्षांनी लाखोंची गर्दी सोसणाऱ्या शहराला पाहुणचार शिकवायला नको. त्याचा आक्षेप पाहुण्यांना नाही. त्यांचे निमित्त करून घर परस्पर बदलण्याला आहे. साधुग्रामच्याच जागेवर खासगी भागीदारीतून प्रदर्शन केंद्र उभारण्याची निविदा पुढे आली, तेव्हा हा संशय अनाठायी नव्हता हे दिसले. ओरड झाल्यावर निविदा मागे घ्यावी लागली आणि वृक्षतोडीला हरित लवादाने स्थगिती दिली.

गर्दीच्या सुरक्षिततेचे काय, हा प्रश्न मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. २००३च्या शाही स्नानाच्या दिवशी अरुंद रस्त्यावर झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांनी जीव गमावला. म्हणून रस्ते, घाट, निवाऱ्याची मोकळी जागा हवीच, आणि ती नको असे हरकती घेणारेही म्हणत नाहीत. पण ‘सुरक्षितता’ हा शब्द उच्चारला की पुढचे प्रश्न गैरलागू ठरतात, असेही नव्हे. त्याच कुंभाच्या तयारीत गर्दीच्या सोयीसाठी रामकुंड परिसरात गोदापात्रात काँक्रीट ओतले गेले. पुढे ‘स्मार्ट सिटी’च्या काळात तेच फोडायला पुन्हा पैसा काढावा लागला. ओतण्याचा आणि फोडण्याचा, दोन्ही खर्च जनतेच्याच खिशातून. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात दुसरीकडे हजारो रोपे लावू, या आश्वासनावर नाशिककर माना डोलवत नाहीत, ते अशा अनुभवामुळेच. रोपे लावतानाचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी छापून येते. सावली यायला पुढचा सिंहस्थ उजाडतो.

तेव्हा कुंभमेळा प्राधिकरणाने आणि पालिकेने विरोधकांची यादी करण्यापेक्षा कामांच्या यादीत एक रकाना वाढवावा: मेळा संपल्यावर याचे काय? तो भरून, लोकांपुढे ठेवून मगच कुऱ्हाड किंवा काँक्रीट उचलावे. ज्या कामापुढे तो रकाना कोरा राहील, ते काम कुंभाचे नव्हे, कंत्राटदाराचे समजावे.