क्षमा कुणी कुणाला करायची?

मैत्रिणींनो, आमच्या गटाच्या बैठकीत आम्ही फ्रँक बोर्झेगींचा ‘स्ट्रीट एंजल’ हा १९२८चा मूकपट पाहिला. दिवे लागले तेव्हा अनेकींचे डोळे ओले होते. एक जण म्हणाली, “नशीबवान गं बाई! सगळं कळूनही त्यानं तिला पदरात घेतलं.” सुधारगृहातून सुटलेल्या मुलींच्या घरचेही मला हेच ऐकवतात. म्हणून हे भांडण.

नेपल्सच्या अँजेलाची आई मरणाच्या दारात आहे, औषधाला पैसे नाहीत. ती रस्त्यावर उभी राहते, गिऱ्हाईक मिळत नाही, चोरी करायला जाते आणि पकडली जाते. शिक्षा एक वर्षाची. ती पळून घरी येते, तोवर आई गेलेली. पुढे सर्कशीत असताना जीनो हा फाटका चित्रकार भेटतो, तिचं चित्र काढतो, प्रेम जमतं. मग पोलीस तिला ओळखतो. जीनोला काही न सांगता ती शिक्षा भोगायला जाते.

ती सुटून येते तेव्हा जीनो तिचा गळा आवळायला धावतो, थेट चर्चमध्ये. तिथं वेदीवर त्याला आपलंच चित्र दिसतं. व्यापाऱ्यानं फेरफार करून ती मेरी बनवलेली असते. जीनो विरघळतो.

म्हणजे अँजेलाला वाचवलं कुणी? तिच्या बोलण्यानं नाही, त्यानं काढलेल्या तिच्या चित्रानं! बाई देवी ठरली तरच जगणार, माणूस म्हणून नाही. गळ्यावर हात टाकणाऱ्याला मात्र कुणी जाब विचारत नाही. त्याची गरिबी ही कलेची साधना, तिची गरिबी हा गुन्हा.

जॅनेट गेनरनं अँजेलाची भीती फार खरी उभी केली आहे. पहिलं सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर तिला ज्या तीन चित्रपटांसाठी मिळालं, त्यात हाही होता. गरिबीनं बाईचं काय होतं, ते चित्रपट लपवत नाही. पण शेवटी हिशोब तिच्याकडूनच मागतो.

आपणही तेच करतो. १९५६च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचं कलम ८ आजही सार्वजनिक जागी गिऱ्हाईक बोलावणाऱ्या बाईला पहिल्याच गुन्ह्यात सहा महिन्यांपर्यंत कैद देऊ शकतं. तिच्या आईच्या औषधाचं काय, हे त्यात कुठेच विचारलेलं नाही.

सुटून आलेल्या मुलीला क्षमा नको आहे. तिला खोली हवी, काम हवं, वकील हवा. ते देता येत नसेल, तर निदान पदरात घेतल्याची भाषा तरी आपण सोडू या.